सीडीयूची बाडेन-व्युर्टेंबर्ग संघटना : तिकीट कुठे ठरतं आणि सत्ता कशी गेली

प्रश्न थोडक्यात असा : "नोकरीसाठी श्टुटगार्टला आलो. इथे सीडीयूच्या राज्य संघटनेबद्दल सारखं कानावर येतं. ही आपल्याकडच्या प्रदेश समितीसारखीच असते का? उमेदवार बर्लिनहून ठरतात का? इतकी वर्षं हातात असलेलं राज्य 2011 मध्ये ग्रीन पक्षाकडे गेलं कसं? आणि माझ्यासारख्या परदेशी माणसाला या पक्षात काम करता येतं का?"

आधी एक सांगून टाकतो. मी याच पक्षाचा, म्हणजे सीडीयूचा (ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन, जर्मनीतला मध्यम-उजवा पक्ष), सदस्य आहे. नेकार नदीकाठच्या एका लहान शहरात शाखेच्या कार्यकारिणीवर काम केलंय, प्रतिनिधी म्हणून अधिवेशनांना जातो, मतमोजणीच्या टेबलावरही बऱ्याचदा बसलोय. त्यामुळे माझी माहिती आतली आहे, पण मी तटस्थ आहे असा दावा नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, अजिबात नाही. दिल्लीहून फोन आला आणि प्रदेशाध्यक्ष बदलला, असं इथे घडत नाही. घडूच शकत नाही, कारण कायदा आड येतो. जर्मन राज्यघटनेच्या 21 व्या कलमात पक्षाचा अंतर्गत कारभार लोकशाही तत्त्वांनुसार चालला पाहिजे असं म्हटलंय, आणि 1967 च्या पक्षविषयक कायद्याने ते दात असलेल्या नियमांत बांधलंय. प्रत्येक पातळीवरची कार्यकारिणी निदान दर दोन वर्षांनी निवडावी लागते, आणि तीही गुप्त मतदानाने. राज्याचा अध्यक्ष राज्यातले प्रतिनिधी निवडतात, त्या प्रतिनिधींना जिल्हा संघटना निवडतात. बर्लिनमधल्या पक्षाध्यक्षाला त्यात मत नाही. उलट त्याची निवड ज्या 1001 प्रतिनिधींच्या अधिवेशनात होते, ते राज्यांकडूनच आलेले असतात.

हा कायदा सगळ्याच पक्षांना लागू आहे. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गच्या सीडीयूची गोष्ट त्याहून निराळी आहे. ही संघटना मुळात एक नव्हती, चार होत्या.

1945 नंतर या भागाचे तुकडे झाले. कार्ल्सरूह–श्टुटगार्ट–उल्म हा महामार्ग अमेरिकनांना पूर्ण आपल्या ताब्यात हवा होता, म्हणून सीमा त्याच्या दक्षिणेने आखली गेली : उत्तर अमेरिकनांकडे, दक्षिण फ्रेंचांकडे. त्यातून तीन राज्यं निघाली. उत्तरेत व्युर्टेंबर्ग-बाडेन, दक्षिणेत फ्रायबुर्ग राजधानी असलेलं बाडेन आणि ट्युबिंगनहून चालणारं व्युर्टेंबर्ग-होहेनत्सोलर्न. सीडीयू याच काळात उभी राहत होती, त्यामुळे तिच्या संघटनाही त्या त्या भागात स्वतंत्र जन्मल्या : उत्तर बाडेन, दक्षिण बाडेन, उत्तर व्युर्टेंबर्ग आणि व्युर्टेंबर्ग-होहेनत्सोलर्न.

मग प्रश्न आला विलीनीकरणाचा, आणि पक्ष मधोमध फाटला. दक्षिण बाडेनचे मुख्यमंत्री लेओ वोलेब सीडीयूचे, ते विलीनीकरणाच्या कट्टर विरोधात. ट्युबिंगनला बसलेले गेबहार्ट म्युलर तेही सीडीयूचे, ते विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. 9 डिसेंबर 1951 ला जनमत झालं. मोजणी चार भागांत करायची आणि तीन भागांत बहुमत मिळालं की राज्य एक, असा नियम होता. तीन भागांनी होकार दिला. पण जुनं बाडेन एकत्र धरलं तर तिथे बहुमत विरोधात होतं. "आम्हाला मोजणीत हरवलं" ही सल बाडेनमध्ये पुढे कितीतरी वर्षं राहिली. 25 एप्रिल 1952 ला राज्य जन्मलं, तेव्हा सीडीयू सर्वांत मोठा पक्ष होता. तरी लिबरल राइनहोल्ड मायर यांनी तिला बाजूला ठेवून सरकार बनवलं. ते पुढच्याच वर्षी कोसळलं आणि म्युलर मुख्यमंत्री झाले. तिथून 2011 पर्यंत मुख्यमंत्री सीडीयूचाच.

बाडेनचा वाद मात्र मिटेना. घटना न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर 7 जून 1970 ला बाडेनमध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी जवळपास 82 टक्के लोकांनी एकत्र राहण्याला कौल दिला. आणि गंमत पाहा, त्यानंतरच, 1971 मध्ये, पक्षाच्या चार संघटना एक झाल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर पहिले राज्य अध्यक्ष झाले. राज्य 1952 चं, त्याची सीडीयू 1971 ची. मधली जवळपास दोन दशकं चार स्वतंत्र संघटना मिळून राज्य चालवत होत्या.

त्या चार संघटना आजही विभागीय संघटना म्हणून आहेत, जवळपास त्याच सीमांसह. कार्यकारिणीची यादी आली की प्रतिनिधी आधी बाडेनचे किती, व्युर्टेंबर्गचे किती हे बोटांवर मोजतात. कुणी ते उघड बोलत नाही, पण उत्तर व्युर्टेंबर्गची दोन नावं जास्त झाली तर दक्षिण बाडेनची मतं कुठे वळतात ते मोजणीच्या टेबलावर स्वच्छ दिसतं. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तिकिटाकडे येऊ. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पक्षाची खरी ताकद कुठे आहे ते इथेच कळतं.

आपल्याकडे पक्षाचा ए-बी फॉर्म ज्याच्या हाती तो उमेदवार. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत तो फॉर्म कुणाच्या खिशात आहे हे कार्यकर्त्याला माहीत नसतं. इथे असा फॉर्म वरून येत नाही. मतदारसंघातल्या सदस्यांची किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागते, आणि उमेदवार तीच सभा ठरवते. आमच्याकडे ही सभा बहुधा शहराच्या सभागृहात नाहीतर शाळेच्या व्यायामशाळेत असते. दारात टेबल लावलेलं. यादीत नाव शोधायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, मग रंगीत मतपत्रिकांचा गठ्ठा हातात येतो. मागे लोणी लावलेल्या ब्रेत्सेलची (वळसेदार खारट पावाची) टोपली आणि कॉफी. इच्छुकांना भाषणाला सारखा वेळ, नंतर प्रश्न. प्रश्न बहुतेक गावचे : वळणरस्ता कधी होणार, तालुक्याचं रुग्णालय बंद पडणार का, जंगलात पवनचक्क्या बसवणार का. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी. मग पुन्हा मतपत्रिका, पुन्हा पेटी, पुन्हा मोजणी. विधानसभेसाठी मुख्य उमेदवाराबरोबर त्याचा पर्यायी उमेदवारही याच सभेत निवडतात. आमदाराने राजीनामा दिला किंवा तो वारला, तर पर्यायी माणूस जागेवर येतो. त्यामुळे पोटनिवडणुकीची भानगडच नाही.

शेवटी इतिवृत्त लिहायचं. लोकसभेच्या, म्हणजे बुंडेसटागच्या उमेदवारासाठी तर सभेच्या अध्यक्षाला आणि सभेने नेमलेल्या दोघांना प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं की मतदान गुप्त झालं, उपस्थितांपैकी प्रत्येकाला नाव सुचवण्याचा हक्क होता आणि इच्छुकांना बोलायची संधी मिळाली. हा कागद जोडलेला नसेल तर अर्ज धरत नाहीत. खोटं लिहिलं तर शिक्षा आहे.

वरच्यांना एखादा उमेदवार पसंत नसेल तर? राज्य कार्यकारिणी हरकत घेऊ शकते, पण एकदाच. मग सभेने पुन्हा मतदान करायचं, आणि दुसऱ्यांदाही तोच निवडून आला तर निकाल अंतिम. एवढाच काय तो हायकमांडचा अधिकार. 2021 मध्ये पूर्वेकडच्या थुरिंगिया राज्याच्या दक्षिण भागातल्या सीडीयूने देशाच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेचे माजी, वादग्रस्त प्रमुख हान्स-गेओर्ग मासेन यांना उमेदवारी दिली. बर्लिनमधल्या नेत्यांची पंचाईत झाली, पण कुणी ती उमेदवारी काढून घेऊ शकलं नाही. शेवटी मतदारांनीच त्यांना पाडलं. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच राज्यात सीडीयूच्या आमदारांनी एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या बरोबरीने मतं देऊन एका लिबरल नेत्याला मुख्यमंत्री केलं, तेव्हा पक्षाध्यक्ष आनेग्रेट क्राम्प-कारेनबाउअर स्वतः थुरिंगियाच्या राजधानीला, एरफुर्टला गेल्या. नव्याने निवडणूक घ्या म्हणाल्या. राज्यातल्या आमदारांनी ऐकलं नाही, आणि काही दिवसांतच क्राम्प-कारेनबाउअर यांनीच स्वतःचं पद सोडण्याची घोषणा केली. राज्य संघटनेपुढे केंद्र किती हतबल असतं याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ही स्थानिक सत्ता आणखी एका कारणाने वाढली : निवडणूक पद्धत. इथे विधानसभेला मतदाराला एकच मत असायचं. 70 मतदारसंघ, आणि राज्याची यादीच नाही. उरलेल्या जागाही पडलेल्या उमेदवारांपैकी ज्यांची कामगिरी चांगली त्यांनाच मिळायच्या. याचा अर्थ असा की राज्य अध्यक्षाकडे आपल्या माणसाला सुरक्षित जागा द्यायला जागाच नव्हती. प्रत्येक आमदार आपल्या जिल्ह्याचा ऋणी, श्टुटगार्टचा नाही. हे ऐकायला छान वाटतं. पण गावोगावच्या सभांत पिढ्यानपिढ्या गावचे पुरुषच निवडून येत राहिले, आणि या विधानसभेत महिलांचं प्रमाण जर्मनीत तळाला राहिलं. यादी पद्धत आणायचं ग्रीन पक्षाबरोबरच्या 2016 च्या आघाडी करारात ठरलं होतं. 2018 च्या सुरुवातीला सीडीयूच्या आमदारांनी ते एकमुखाने फेटाळलं. त्यांचेच राज्य अध्यक्ष, उपमुख्यमंत्री थोमास श्ट्रोब्ल, हात चोळत राहिले. शेवटी 2022 मध्ये कायदा बदलला : 2026 च्या निवडणुकीपासून दोन मतं, राज्याची यादी आणि मतदानाचं वय 16.

त्या जुन्या पद्धतीचा सगळ्यांत क्रूर फटका 2021 मध्ये सुझाने आयझेनमान यांना बसला. त्या पक्षाच्या मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार होत्या, पण श्टुटगार्टच्या मतदारसंघात पडल्या आणि साध्या आमदारही होऊ शकल्या नाहीत.

आता 2011. याची साधी गोष्ट सगळे सांगतात : 11 मार्चला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला, 27 मार्चला मतदान होतं, मुख्यमंत्री श्टेफान माप्पुस अणुऊर्जेचे खंदे समर्थक, खेळ खलास. त्याआधी 30 सप्टेंबर 2010 ला श्टुटगार्ट 21 या रेल्वे स्थानक प्रकल्पाच्या विरोधकांवर राजवाड्याच्या बागेत पाण्याचे फवारे मारले गेले होते. डिसेंबरात माप्पुस यांनी विधानसभेला न विचारता ईएनबीडब्ल्यू या वीज कंपनीचा हिस्सा सुमारे 4.7 अब्ज युरोंना राज्यासाठी विकत घेतला. निवडणुकीनंतर राज्याच्या घटना न्यायालयाने तो व्यवहार घटनाबाह्य ठरवला. हे सगळं खरं आहे. पण मला आकडे वेगळं सांगतात.

2006 मध्ये सीडीयूला 44.2 टक्के मतं होती, 2011 मध्ये 39. टक्का घसरला. पण प्रत्यक्ष मतं सुमारे 17.5 लाखांवरून 19.4 लाखांवर गेली, म्हणजे वाढली! 70 पैकी 60 मतदारसंघांत सीडीयू पहिली आली. मतदान मात्र 53 टक्क्यांवरून 66 वर गेलं होतं. आमच्या संघटनेने आपलं काम चोख केलं होतं. आपला प्रत्येक मतदार घराबाहेर काढला होता. फक्त आधीच्या वेळी घरी बसलेले लाखो लोक या वेळी बाहेर पडले, आणि त्यांच्यापैकी फार थोडे आमचे होते. ग्रीन 11.7 वरून 24.2 वर गेले. ग्रीन आणि एसपीडी (मध्यम-डावा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष) मिळून 71 जागा, आणि 138 च्या सभागृहात तेवढ्या पुरल्या. 12 मे 2011 ला विन्फ्रीड क्रेट्शमान जर्मनीतले पहिले ग्रीन मुख्यमंत्री झाले.

फुकुशिमा नसतं तर कदाचित आणखी पाच वर्षं निभावलं असतं. पण जमीन आधीच सरकली होती. फ्रायबुर्गला 2002 मध्येच ग्रीन महापौर आला होता. 2009 मध्ये श्टुटगार्टच्या नगरपरिषदेत ग्रीन सर्वांत मोठा गट झाला. विद्यापीठांच्या शहरांतली, मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांची, बाहेरून आलेल्या कुटुंबांची मतं हातातून चालली होती. आमची यंत्रणा सभागृहात येऊन ब्रेत्सेल खाणाऱ्यांचं मत अचूक ओळखते. जे सभागृहात येतच नाहीत त्यांचं तिला काही कळत नाही. उमेदवार ठरवणारी सभा गावची, तिचे प्रश्न गावचे, तिथून आलेले आमदारही गावचे. शहरात काय चाललंय हे त्यांना कोण सांगणार? ज्या रचनेने 58 वर्षं सत्ता दिली, तिनेच आम्हाला बहिरं केलं, असं माझं मत आहे. पक्षात सगळ्यांना ते पटत नाही.

मधला इतिहास, म्हणजे सीडीयूच्या मुख्यमंत्र्यांचा, झरझर सांगतो. म्युलर पुढे देशाच्या घटना न्यायालयाचे अध्यक्ष झाले. कुर्ट गेओर्ग कीझिंगर 1966 मध्ये चॅन्सेलर, म्हणजे देशाचे सरकारप्रमुख म्हणून, तेव्हाच्या राजधानीत बॉनला गेले. फिल्बिंगर यांनी 1976 मध्ये 56.7 टक्के मतं मिळवली, आजवरचा उच्चांक. दोन वर्षांनी, महायुद्धात नौदलाचे न्यायाधीश असताना दिलेल्या मृत्युदंडांची प्रकरणं बाहेर आली आणि त्यांना जावं लागलं. लोथार श्पेट उद्योगपतींच्या खर्चाने केलेल्या सहलींमुळे 1991 मध्ये गेले. एर्विन टॉयफेल त्यांच्यानंतर आले. पंचविसाव्या वर्षी श्पायशिंगन या लहान शहराचा महापौर झालेला, साधा, थोडा रुक्ष माणूस. जुन्या सदस्यांना अजून तोच आवडतो. त्यांच्या जागी कोण, हे 2004 मध्ये सदस्यांच्या मतदानाने ठरलं : ग्युंटर ओएटिंगर यांनी आनेटे शावान यांना हरवलं, आणि शावान पक्षाध्यक्ष आंगेला मेर्कल यांच्या जवळच्या होत्या. दहा वर्षांनी हाच प्रकार पुन्हा झाला. मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवारीसाठी राज्य अध्यक्ष श्ट्रोब्ल यांना सदस्यांनी नाकारलं आणि सुमारे 56 टक्के मतं गीडो वोल्फ यांना दिली. श्ट्रोब्ल हे मेर्कल सरकारातले ज्येष्ठ मंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांचे जावई. म्हणजे घराणं, पद, दिल्लीतलं वजन म्हणावं तसं बर्लिनमधलं वजन, सगळं होतं, आणि तरी हरले. वोल्फ यांनी 2016 मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर मेर्कलपासून अंतर ठेवायचा प्रयत्न केला. तिकडे ग्रीन क्रेट्शमान मेर्कलची स्तुती करत फिरत होते. मतदारांना खरा सीडीयूवाला कोणता हेच कळेना. सीडीयू 27 टक्क्यांवर आली, ग्रीन 30.3 वर, आणि आम्ही धाकटा भागीदार होऊन सरकारात गेलो. 2021 मध्ये 24.1. मानुएल हागेल 2023 मध्ये राज्य अध्यक्ष झाले, जन्म 1988 चा.

पैशाचं थोडक्यात : सदस्यांची वर्गणी, देणग्या आणि सरकारी अनुदान. विधानसभेच्या प्रत्येक मतामागे राज्य संघटनेला सरकारकडून 50 सेंट थेट मिळतात. त्यामुळे तिजोरीसाठीही बर्लिनच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

एक गैरसमजही काढून टाकतो. पक्ष मोठा असला तरी नगरपालिकांत त्याचं फारसं चालत नाही. महापौर थेट निवडतात, आठ वर्षांसाठी, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. नगरपरिषदेला जितक्या जागा तितकी मतं हातात मिळतात, श्टुटगार्टला तब्बल साठ. एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात, आणि वेगवेगळ्या यादीतले उमेदवारही उचलता येतात. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 मध्ये भगिनी शहरं झाली तेव्हा राज्यात सीडीयूचा मुख्यमंत्री होता, पण श्टुटगार्टचे महापौर आर्नुल्फ क्लेट्ट कुठल्याच पक्षाचे नव्हते, आणि 1945 पासून ते त्या पदावर होते. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांची भागीदारी 2015 ची, ती ग्रीन मुख्यमंत्र्याच्या काळातली. अशा करारांसाठी कुणा एका पक्षाचं दार ठोठवायची गरज नसते.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. भारतीय नागरिक असताना तुम्हाला इथे कुठल्याच निवडणुकीत मत नाही, नगरपालिकेतही नाही. तो हक्क युरोपीय संघाच्या नागरिकांपुरता आहे. पण पक्षात येता येतं. वयाची अट 16. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाने सलग तीन वर्षं जर्मनीत कायदेशीर वास्तव्य केलेलं असलं तर तो सीडीयूचा पूर्ण सदस्य होऊ शकतो. तोपर्यंत पाहुणा म्हणून कामात भाग घ्यायला कुणाची ना नाही. सदस्य झालात की शाखेचा अध्यक्ष निवडताना मत देता येईल, स्वतः उभंही राहता येईल. उमेदवार ठरवण्याच्या सभेत मात्र बसाल, ऐकाल, पण मत देता येणार नाही. तिथे फक्त त्या मतदारसंघाच्या मतदारांनाच हक्क आहे.

अर्ज करायचा तो जिल्हा संघटनेकडे. निर्णयही जिल्ह्याची कार्यकारिणीच घेते. घाई करू नका, आधी गावच्या शाखेच्या दोन-तीन बैठकांना जाऊन बसा. त्या बहुधा एखाद्या खानावळीच्या मागच्या खोलीत होतात, आणि शाखेच्या संकेतस्थळावर तारीख असते. जर्मन चांगली येत असली तरी पहिल्या बैठकीत स्वाबियन बोलीमुळे निम्मं डोक्यावरून जाईल. हॅम्बुर्गहून इथे आलेल्या जर्मनांचंही तेच होतं, त्यामुळे न लाजता पुन्हा विचारा.